आधी काय दिसलं, बदक की ससा?

इतवारीच्या सराफ्यात माझ्या चुलतभावाचं छोटं दुकान आहे. परवा तिथं बसलो होतो. कामाला ठेवा म्हणून एक पोरगा आला. भावानं त्याच्यापुढे मोबाइल धरला. ‘आधी काय दिसलं? बदक की ससा?’ पोरगा म्हणाला, ‘बदक.’ तो पाणी प्यायला गेला, तसा भाऊ हळूच बोलला, ‘दादा, बदक दिसणारे धांदरट असतात म्हणे. काट्यावर कसा बसवू याले?’

मला हसू आलं नाही. चौथीच्या शिष्यवृत्तीला बुद्धिमत्ता चाचणीत ‘लपलेली आकृती शोधा’ असे प्रश्न असत. मला ती आकृती सापडायची नाही. तेव्हा चिकटलेलं ‘याचं लक्ष नसतं’ हे वाक्य पुढे कितीतरी वर्षं सुटलं नाही.

म्हणून भावाला त्या चित्राचा इतिहास सांगितला. १८९२ साली ‘फ्लिगेंड ब्लेटर’ या जर्मन विनोदी साप्ताहिकात ते आलं, निव्वळ गंमत म्हणून. १८९९ मध्ये जोसेफ जॅस्ट्रो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं ते उचललं. पाहण्याचं काम डोळ्यांइतकंच मनही करतं, एवढंच त्याला दाखवायचं होतं. स्वभावाचा त्यात संबंध नव्हता.

तो जोडला गेला पुढे. हर्मन विटकिननं १९५० मध्ये गुंतागुंतीच्या नक्षीत दडलेली साधी आकृती शोधायची चाचणी मांडली. १९५४ मध्ये त्यानं सहकाऱ्यांसोबत पाहण्याची रीत आणि व्यक्तिमत्त्व यांवर ग्रंथच लिहिला. काही जण आकृती भोवतालातून चटकन सुटी करतात, काही जण भोवतालासकट पाहतात, असं त्याचं म्हणणं. दोन्ही रीती आपापल्या जागी उपयोगी, असंही तो सांगे. टीकाकारांनी मात्र विचारलं, की ही चाचणी रीत मोजते की नुसतं कौशल्य?

आणि बदक-ससा? १९९३ मध्ये ब्रुगर संशोधकांचा एक निबंध आला. झुरिचच्या प्राणिसंग्रहालयाच्या दाराशी त्यांनी लोकांना हेच चित्र दाखवलं होतं. ईस्टरच्या दिवशी ससा जास्त दिसला, ऑक्टोबरात बहुतेकांना पक्षी. तिकडे ईस्टर म्हणजे सशाचा सण. चित्र तेच होतं, बदलला होता मोसम.

असला खेळ आपल्याकडे त्याहून फार जुना. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका खांबावर चार हरणं कोरली आहेत आणि चौघांत डोकं एकच. ज्या धडाकडे पाहावं, त्याचं ते डोकं होतं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराला नजर सरकते हे ठाऊक होतं. सरकणाऱ्या नजरेवरून माणसाचा कायमचा स्वभाव कसा ठरवणार?

आमचे बाबा याच ओळीत दागिने घडवत. माझ्या पुस्तकातली लपलेली आकृती त्यांनाही कधी सापडली नाही. पण नथीचा सांधा कुठे जोडलाय, ते बोट फिरवून सांगत. लक्ष होतंच, ते कामातून आलेलं होतं.

भाऊ जरा वेळ गप्प बसला. मग पोराला हाक मारली. ‘उद्यापासून ये. आठ दिवस काट्यावर बस. मग पाहू.’

मोबाइल त्यानं गल्ल्यात टाकला.