परगांवीं असणाऱ्याचें पत्र

आमच्या कुर्डुवाडीच्या स्थानकास पूर्वीं ‘बार्शी रोड’ म्हणत. १८९७ सालीं येथून बार्शीस अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. १९०६ त ती पंढरपुरास व १९२७ त मिरजेस पोंचली. अशा जंक्शनाच्या गांवीं रेल्वेचा नोकर आज येथें, तर उद्यां दुसऱ्या ठाण्यावर. १८७९ च्या जुलैंत एका पैशाचें पोस्टकार्ड निघालें, १८८० त मनिऑर्डर पोस्टाकडे आली. घरीं खुशाली व पैसा धाडणें सोपें झालें. परंतु फिरत्या माणसास घरचें पत्र गांठावें कसें? पोस्टानें दोन वाटा ठेविल्या. पत्त्यावर ‘पोस्ट रेस्टांट’ लिहिलें कीं, पत्र त्या गांवच्या पोस्टांत कांहीं दिवस राहतें व ओळख पटवून नेतां येतें. किंवा जुना पत्ता खोडून नवा लिहिला म्हणजे न फोडलेलें पत्र पुढें जातें. ही दुसरी वाट मात्र बहुधा शेजाऱ्याच्या हातीं. त्यानें पत्र फळीवर टाकून दिलें, तर आईच्या आजाराची वार्ता महिन्यानें कळावयाची! आज वार्ता क्षणांत पोंचते. तरी बँकेचे व कचेरीचे लखोटे जुन्याच दारीं येतात. म्हणून आमची विनंति कीं, बदलीवर निघणाऱ्यानें नवा पत्ता पोस्टांत व भरंवशाच्या शेजाऱ्यास लेखी द्यावा. आणि मागें राहणाऱ्यानें तो जपावा.