बेदरकार वाहनचालन व रस्ता सुरक्षा मोहिमा

स्वतःच्या व इतरांच्या जिवाची पर्वा न करता वाहन हाकणे. पोलिसांच्या फिर्यादीत यासाठी ‘हयगयीने, अविचाराने व भरधाव’ हे शब्द ठरून गेले आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने सिग्नल तोडणे, उलट दिशेने येणे व चालवताना मोबाइल हातात धरणे यांचीही भर पडली. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यू सरकारी अहवालात अतिवेगाच्या खात्यावर आहेत. हे वर्गीकरण मुळात पोलिसांच्या नोंदींवरून होते आणि त्यांत चालकाचा दोष लिहिणे रस्त्याचा दोष लिहिण्यापेक्षा नेहमीच सोपे असते.

‘अति घाई, संकटात नेई’ ही पाटी, जानेवारीतला रस्ता सुरक्षा सप्ताह (२०२१ मध्ये तो महिनाभराचा झाला), शाळकरी मुलांची फेरी, शपथ, हेल्मेट न घालणाऱ्याला गुलाबाचे फूल, असा मोहिमांचा परिपाठ आहे. चालकाला धोका ठाऊक नाही, हे त्यामागचे गृहीत. प्रत्यक्षात तो त्याला ठाऊक असतो. फक्त तो इतरांसाठी आहे असे त्याला वाटते. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांच्या १९८१ च्या अभ्यासात बहुतेक अमेरिकी चालकांनी स्वतःला सरासरीहून कुशल ठरवले होते. अशा माणसाला पाटी पटते, पण ती शेजारच्या गाडीवाल्यासाठी आहे असे वाटून.

कधी पाटीच घात करते. टेक्सासमध्ये महामार्गावरच्या विद्युत फलकांवर महिन्यातून एक आठवडा त्या वर्षातील अपघाती मृत्यूंचा आकडा झळकवत. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, तो आकडा दिसत असताना फलकापुढच्या दहा किलोमीटरांत अपघात सुमारे ४.५ टक्क्यांनी वाढत. धक्कादायक मजकुराने लक्ष विचलित होते, असा संशोधकांचा निष्कर्ष होता.

मोहिमा अगदीच निरुपयोगी नसतात. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९८९ पासून भेदक जाहिराती सुरू झाल्या, आणि मृत्यू त्या वर्षीच्या ७७६ वरून १९९० मध्ये ५४८ वर आले. मात्र त्याच सुमारास रस्तोरस्ती श्वासचाचणी व वेगमापक कॅमेरेही आले होते. श्रेय कोणाला किती, हा वाद चालूच राहिला.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा अनुभवही याच अंगाने जातो. बोरघाटाच्या उतारावर डिझेल वाचवण्यासाठी ट्रक न्यूट्रलमध्ये सोडतात, मग सगळा भार ब्रेकवर पडून ते तापतात व निकामी होतात. हे न जाणणारा ट्रकचालक विरळा. वाचलेले डिझेल हातात दिसते, अपघात दिसत नाही. २०१६ मध्ये येथे ‘झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’ प्रकल्प सुरू झाला. त्यात प्रबोधनापेक्षा संरक्षक कठडे, गस्त व तातडीची वैद्यकीय मदत यांवर भर होता. त्या वर्षी १५१ मृत्यू झाले होते, २०१९ मध्ये ९२ झाले. २०२४ मध्ये मार्गावर स्वयंचलित कॅमेरे बसले. एकाच जागी वेग मोजणारा कॅमेरा नेहमीच्या चालकाला लवकर पाठ होतो, आणि तो तेवढ्यापुरता ब्रेक दाबून पुढे पुन्हा वेग घेतो. कॅमेरे बसवलेल्या दोन कमानींमधला सरासरी वेग मोजल्यास ही पळवाट उरत नाही.