बेरेनिसच्या रक्तातले दोन वाण

चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात २००४ साली एक परजीवी सापडला. हा गुराढोरांना ‘सर्रा’ रोग देणारा परजीवी. माणसाच्या रक्तात तो एरवी तग धरत नाही. या शेतकऱ्याच्या रक्तात त्याला मारणारे एक प्रथिनच नव्हते, असे पुढे निष्पन्न झाले. मी डॉक्टर नाही, शास्त्राचा पदवीधरही नाही. पण त्या बातमीने मला या परजीवीच्या कुळाचा नाद लावला आणि त्याचा माग काढत मी थेट ब्राझीलला पोहोचलो. अर्थात कागदोपत्री!

रेल्वेच्या कामावरील मजुरांमधला हिवताप आटोक्यात आणण्यासाठी १९०७ साली कार्लोस चागास हा तरुण डॉक्टर मिनास जेराइस प्रांतातील लासांस गावी गेला. तिथल्या कुडाच्या घरांत भिंतींच्या भेगांमध्ये रक्त पिणारे किडे राहत. रात्री ते झोपलेल्यांच्या तोंडाला चावत, म्हणून लोक त्यांना ‘न्हावी’ म्हणत. चागासला त्यांच्या आतड्यात एक नवा परजीवी दिसला. १४ एप्रिल १९०९ रोजी तोच परजीवी त्याला तापाने फणफणलेल्या बेरेनिस नावाच्या दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात सापडला. आपले गुरू ओस्वाल्दो क्रुझ यांच्या नावावरून त्याने त्याला ‘ट्रिपॅनोसोमा क्रुझी’ असे नाव दिले.

मग संशयाचे दिवस आले. ब्यूनोस आयर्समध्ये रुडॉल्फ क्राउस यांना परजीवी असलेले किडे मिळाले, रुग्ण मात्र मिळेनात. चागासने गलगंडही याच रोगाच्या लक्षणांत धरला होता. ती त्याची चूक होती आणि टीकाकारांनी नेमकी तीच पकडली. १९२२-२३ मध्ये रिओच्या वैद्यक अकादमीत कडाक्याचा वाद झाला. हा लासांसपुरता क्षुल्लक आजार आहे, असे म्हणणारेही निघाले. १९३४ साली चागास वारला. त्यानंतरच्या वर्षांत साल्वादोर मास्सा यांनी उत्तर अर्जेंटिनात शेकडो रुग्ण शोधले, तेव्हा कुठे शंका मावळू लागल्या.

पण रोगाचे एकच रूप काही दिसेना. १९५० च्या दशकात रिबेरांव प्रेतो येथे फ्रिट्झ कोबर्ले यांनी मृतांच्या आतड्यातील मज्जापेशी मोजून त्या नष्ट झाल्याचे दाखवले. अन्ननलिका आणि मोठे आतडे फुगण्याचे कारण हेच होते. मध्य ब्राझीलमध्ये असे रुग्ण बरेच. व्हेनेझुएलात मात्र हृदय निकामी झालेले रुग्ण भेटत, अन्ननलिका फुगलेला क्वचितच. असे का व्हावे?

ज्वारी एकच, पण मालदांडी वेगळी आणि दगडी वेगळी, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. १९७० च्या दशकात मायकेल माइल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परजीवींची विकरे तपासली आणि दिसायला सारख्या असलेल्या या जीवांत ठळक वाण निघाले. व्हेनेझुएलातला रोग आणि ब्राझीलमधला रोग वेगवेगळ्या वाणांमुळे होतात काय, असा प्रश्न त्यांनी १९८१ साली मांडला. पुढे २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन या वाणांचे सहा गट ठरवले.

बेलो होरिझोंतेमधील एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. तिथल्या संशोधकांनी दोन वाण एकाच उंदरात एकत्र सोडले. काही काळाने पाहिले तर हृदयात मुख्यतः एक वाण, गुदाशयात दुसरा. दोघांनी जणू घर वाटून घेतले होते! पण उंदराची जात बदलली, तेव्हा ही वाटणीही बदलली. म्हणजे कोणता अवयव बळी पडणार हे वाण एकटा ठरवत नाही. ज्याच्या शरीरात तो उतरतो, त्याचाही त्यात वाटा असतो.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे आज सुमारे ७० लाख लोक हा परजीवी अंगात घेऊन जगत आहेत. त्यांतील बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. काहींचे हृदय मात्र वीस-तीस वर्षांनी थकते. ते कोण, हे आधी ओळखण्याची खात्रीची खूण अजून डॉक्टरांच्या हाती नाही. वाणांचा अभ्यास चालतो तो त्या खुणेसाठीच.

आणि बेरेनिस? ती सत्तरी ओलांडेपर्यंत जगली आणि या रोगाने तिला छळले नाही. १९६२ मध्ये आणि पुन्हा १९७८ मध्ये तिच्या रक्तातून परजीवी वेगळे काढण्यात आले. दोन्ही नमुन्यांचे गुण तपासात निरनिराळे निघाले. चंद्रपूरच्या शेतकऱ्याच्या रक्तात एक प्रथिन कमी होते, म्हणून जनावराचा परजीवी त्याला भोवला. बेरेनिसच्या शरीरात माणसाचाच परजीवी साठ-सत्तर वर्षे नांदला आणि तिला धक्का लागला नाही. बी पाहायचे तर जमीनही पाहावी लागते. रुग्ण कुठे आहेत, असे विचारणाऱ्या टीकाकारांनी यातले काहीच पाहिले नव्हते. लासांसची ती मुलगी मात्र तेव्हाही तो परजीवी अंगात घेऊन वाढत होती.