बीडचे नाना पाटील



अमेरिकेच्या राज्यघटनेनें सेनेटच्या सभासदासाठीं तीन अटी घातल्या आहेत. त्याचें वय निदान तीस वर्षांचें असावें, नऊ वर्षें तरी तो त्या देशाचा नागरिक असावा, आणि ज्या राज्यातर्फें तो निवडून यावयाचा त्या राज्याचा तो निवडणुकीच्या वेळीं रहिवासी असावा. पहिल्या दोन अटी कोणालाहि पटतील अशा आहेत. तिसरी मात्र विचार करावयास लावणारी आहे. आमच्या विहिरीचें पाणी जो प्याला नाहीं त्यानें आमच्या वतीनें बोलूं नये, असा तिचा साधा अर्थ. आपल्याकडे लोकसभेसाठीं अशी अट नाहीं. कांहीं थोडे अपवाद सोडले, तर देशांतील कोणत्याहि मतदारसंघाच्या यादींत ज्याचें नांव आहे त्याला दुसऱ्या कोणत्याहि मतदारसंघांतून उभें राहतां येतें. राज्यसभेला ही अट होती, ती २००३ सालीं काढून टाकण्यांत आली. ही मोकळीक बरी कीं वाईट हा वाद आज मला घालावयाचा नाहीं. परंतु तिच्यामुळें बीड जिल्ह्याच्या इतिहासांत एक प्रकरण घडून आलें, त्याची हकीगत आपणांस सांगावी असें मनांत आहे.

१९६७ सालीं बीडच्या मतदारांनीं कृष्णाकांठच्या एका माणसाला आपला प्रतिनिधि म्हणून दिल्लीस पाठविलें. हा माणूस म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटील. नांव सर्वांच्या ओळखीचें आहे. पण नाना पाटील म्हटले कीं प्रतिसरकार, आणि प्रतिसरकार म्हटलें कीं बेचाळीस ते सेहेचाळीस हीं चार वर्षें, यापलीकडे आपली स्मृति जात नाहीं. माणूस शहात्तर वर्षें जगला. त्यांपैकीं चार वर्षांचे पोवाडे व्हावे आणि बाकीचीं पुसून जावीं, हा नानांवर अन्याय आहेच. बीडच्या ज्या मतदारांनीं त्यांना निवडलें त्यांच्यावरहि तो आहे. साताऱ्याकडचे लोक बीडचें प्रकरण सांगत नाहींत, कारण तें परमुलखांत घडलें. बीडकडचे सांगत नाहींत, कारण नाना परमुलखांतले.

नानांचें मूळ आडनांव पिसाळ. पाटील हें उपपद. जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. वाळवें तालुक्यांतील येडे मच्छिंद्र हें त्यांचें गांव. त्या वेळीं हा मुलूख सातारा जिल्ह्यांत मोडत असे, आज तो सांगलींत आहे. तरुणपणीं त्यांनीं तलाठ्याची नोकरी धरली. ही गोष्ट चरित्रकार एका वाक्यांत उरकतात, पण माझ्या मतें पुढच्या सर्व आयुष्याची किल्ली तींत आहे. तलाठी हा सरकारचा अगदीं शेवटचा हात. शेतसारा कसा बसतो, कर्जापायीं जमीन एका नांवावरून दुसऱ्या नांवावर कशी सरकते, हें ज्याच्या दप्तरांत रोज लिहिलें जातें, त्याला राज्य म्हणजे काय हें कोणा पंडितानें शिकवावें लागत नाहीं. १९३० सालीं कायदेभंगाची चळवळ सुरू झाली तेव्हां नानांनीं ती नोकरी सोडली. पुढें तुरुंगाच्या वाऱ्या वारंवार घडल्या.

सत्यशोधक चळवळीनें त्या भागांतील शेतकरी समाज आधींच जागा केलेला होता. नानांचें वक्तृत्व त्या मातींत रुजलें. देह धिप्पाड, आवाज खणखणीत आणि भाषा खळ्यावरची. दृष्टांत घ्यावयाचा तो बैलाचा, मोटेचा, सावकाराच्या वहीचा. आम्ही शाळामास्तर मुलांना अलंकार शिकवितों. नानांच्या श्रोत्यांना ते शिकवावे लागत नव्हते.

१९४२ च्या ऑगस्टमध्यें पुढारी पकडले गेल्यावर सातारा जिल्ह्यांत तालुका कचेऱ्यांवर मोर्चे निघूं लागले. ३ सप्टेंबरला तासगांवच्या कचेरीवर तिरंगा लागला. पण त्याच महिन्यांत वडूजला आणि इस्लामपुरास पोलिसांनीं गोळ्या झाडल्या व माणसें मेलीं. नुसता मोर्चा काढून भागणार नाहीं हें तेथें उमजलें. नाना भूमिगत झाले ते १९४६ पर्यंत. घरच्या जमिनीवर जप्ती आली. त्यांची मुलगी हौसाताई हीहि ह्या लढ्यांत उतरली. २०२१ सालीं, नव्वदी उलटून गेल्यावर, त्या निवर्तल्या.

१९४३ पासून प्रतिसरकार उभें राहिलें. त्यांतलें शस्त्रांचें आणि लुटीचें नाट्य सर्वांना ठाऊक आहे. जून १९४३ मध्यें शेणोलीजवळ रेल्वेचे पैसे नेणारी गाडी अडविली गेली. १४ एप्रिल १९४४ रोजीं धुळ्याकडील चिमठाणें येथें सरकारी खजिना लुटण्यांत आला. कुंडलची तुफानसेना आणि तिचे जी. डी. लाड ह्यांचीं नांवें त्याच संदर्भांत येतात. मला अधिक मोल वाटतें तें ह्या गाजावाजाच्या मागच्या कारभाराचें. गांवोगांवीं पंचांच्या न्यायसभा बसत. बांधाचे, वाटणीचे, देण्याघेण्याचे तंटे तेथल्या तेथें मिटत. वकील नाहीं, मुद्रांक नाहीं, तालुक्याचा हेलपाटा नाहीं. दारूबंदी होती. लग्नें थोड्या खर्चांत लावलीं जात, कारण लग्न हेंच पुष्कळशा कर्जांचें मूळ. गोंधळाच्या काळांत माजलेल्या दरोडेखोरांचा बंदोबस्त झाला. रोजचा कारभार किसन वीर, नाथाजी लाड, नागनाथ नायकवडी अशा तरुण मंडळींच्या हातीं असे. नाना हें त्या साऱ्याचें दैवत आणि तोंड. हा भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. सर्व कांहीं एकट्या नानांनीं केलें असें म्हणणें म्हणजे ज्या गांवांनीं चार वर्षें त्यांना लपविलें आणि जेवूं घातलें त्यांचें श्रेय हिरावून घेण्यासारखें आहे.

आतां ‘पत्री सरकार’ ह्या नांवाविषयीं. बैलाच्या खुराला लोखंडी पत्री ठोकतात. फितुराच्या किंवा गुंडाच्या तळपायांवर काठीचे तडाखे देण्याच्या शिक्षेला खेड्यांतल्या लोकांनीं तोच शब्द लावला, आणि ‘प्रति’चें ‘पत्री’ झालें. खरोखरीच लोखंड ठोकीत अशी वदंताहि त्या काळीं पसरली होती. ती सोडून दिली तरी शिक्षा कठोर होती, आणि जेथें फिर्यादी आणि न्यायाधीश एकाच बाजूचे, तेथें प्रत्येक निवाडा न्यायाचाच झाला असेल असें मानवत नाहीं. इतिहास सांगणारानें हें झांकून ठेवूं नये. पण परक्या सरकारच्या कचेरींत त्याच शेतकऱ्याला किती न्याय मिळत होता, तेंहि तराजूच्या दुसऱ्या पारड्यांत टाकावें.

१९४६ सालीं मुंबई इलाख्यांत काँग्रेसचें मंत्रिमंडळ आलें आणि नाना उघडपणें लोकांत आले. येथून त्यांच्या आयुष्याचा जो उत्तरार्ध सुरू होतो, त्याकडे आपलें दुर्लक्ष झालें आहे. स्वातंत्र्य आलें, पण कूळ आणि सावकार जागच्या जागीं राहिले, असें त्यांना दिसलें. काँग्रेस सोडून ते शेतकरी कामगार पक्षांत गेले आणि पुढें कम्युनिस्ट पक्षांत. १९५५ सालीं डहाणूस अखिल भारतीय किसान सभेचें अधिवेशन भरलें, त्यांत ते अध्यक्ष झाले. १९५७ सालीं संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेंत साताऱ्यानें त्यांना लोकसभेवर निवडून दिलें. खुद्द यशवंतराव चव्हाण त्या वर्षीं कऱ्हाडांतून थोड्या मतांनींच तरले, यावरून लाटेचा जोर समजावा.

लोकसभेंत नाना मराठींत बोलले. तेथें मराठींतून भाषण करणारे पहिले सभासद म्हणून त्यांचें नांव सांगितलें जातें. घटनेच्या १२० व्या कलमाप्रमाणें संसदेचें काम हिंदींत किंवा इंग्रजींत चालावयाचें. पण ज्या सभासदाला ह्या दोहोंपैकीं कोणत्याहि भाषेंत आपलें म्हणणें पुरतेपणीं मांडतां येत नसेल, त्याला मातृभाषेंत बोलण्याची परवानगी अध्यक्ष देऊं शकतात. हें कलम वाचतांना असें वाटतें कीं घटना करणारांच्या डोळ्यांपुढें नानांसारखाच कोणी खेडवळ सभासद उभा असावा. इंग्रजी येत नाहीं ही लाजेची गोष्ट आहे असें आपल्या शहरी घरांतून अजूनहि मानलें जातें. नानांनीं ती लाज कधीं बाळगली नाहीं. ज्यांच्या वतीनें बोलावयाचें त्यांना समजेल अशाच भाषेंत बोलावयाचें, एवढा साधा हिशेब.

१९६२ सालीं साताऱ्याची जागा काँग्रेसकडे गेली, आणि निवडून आले ते किसन वीर. म्हणजे प्रतिसरकारांतलेच सहकारी. स्वातंत्र्यानंतर त्या एका चुलीचीं किती घरें झालीं तें ह्यावरून दिसतें. पांच वर्षांनीं नाना उभे राहिले ते सातारा सोडून थेट बीडला.

बीडच कां? अनेकांना हें कोडें वाटतें. मला तें तितकेंसें अवघड वाटत नाहीं. बीड हा निजामाच्या राज्यांतला जिल्हा. सप्टेंबर १९४८ मध्यें पोलीस कारवाई झाली तेव्हां कोठें ती सत्ता संपली. रझाकारांचा काळ पाहिलेली पिढी १९६७ सालीं भर कर्त्या वयांत होती. परक्या सत्तेशीं गांवानें कसें लढावें, हें तिला पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. आणि साताऱ्याच्या लढ्यांतले नागनाथ नायकवडींसारखे कार्यकर्ते हैदराबादच्या मुक्तिलढ्यालाहि धांवून गेले होते. शिवाय बीडला डाव्या विचारांचा मतदार नवा नव्हता. १९५२ च्या पहिल्या निवडणुकींत, जिल्हा हैदराबाद राज्यांत असतांनाच, तेथील मतदारांनीं लोकशाही आघाडीच्या रामचंद्र गोविंद तथा बाबासाहेब परांजपे ह्यांना निवडलें होतें, आणि ही आघाडी कम्युनिस्टांचीच. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला. पण पाऊस कमी, जमीन हलकी आणि कूळ गरीब हें कांहीं नकाशा बदलल्यानें बदलत नाहीं. अशा मुलखाला नाना पाटील परके वाटले नाहींत. ते साताऱ्याचे होते हें खरें, पण तलाठ्याचें दप्तर आणि सावकाराची वही दोहींकडे सारखीच होती.

त्याच निवडणुकींत मुंबईंतून श्रीपाद अमृत डांगे त्याच पक्षातर्फें लोकसभेंत गेले. गिरणीकामगारांचा पुढारी गिरण्यांच्या मुंबईंतून निवडून यावा यांत नवल नाहीं. कृष्णाकांठचा पुढारी बालाघाटाच्या डोंगराखालीं निवडून यावा, नवल तें ह्यांत.

नानांच्या त्या कारकीर्दींत बीडला काय मिळालें? विरोधी बाकांवरचा, वयाची सदुसष्टी गाठलेला सभासद धरणें आणि रेल्वे आणून देऊं शकत नाहीं. ज्यांना प्रतिनिधीची किंमत रुपये-आणे-पैंत मोजावयाची असेल, त्यांच्या हिशेबांत नाना तोट्यांतच दिसतील. बीडच्या मतदारांनींहि पुढें तोच हिशेब केला असावा. डिसेंबर १९७० मध्यें लोकसभा मुदतीपूर्वींच विसर्जित झाली आणि १९७१ सालीं बीडची जागा काँग्रेसच्या सयाजीराव पंडित ह्यांच्याकडे गेली. ‘गरिबी हटाव’च्या त्या निवडणुकींत भलेभले वाहून गेले. पुढच्याच वर्षीं मोठा दुष्काळ पडला. त्यानंतर बीडचीं कुटुंबें दर हंगामाला ऊस तोडण्यासाठीं सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांकडे अधिकाधिक जाऊं लागलीं. दसरा-दिवाळीला गांव सोडावयाचें तें उन्हाळ्यांत परतावयाचें. ज्या कृष्णाकांठाहून बीडनें आपला खासदार आणला, त्याच कांठच्या फडांत बीडचा मजूर कोयता घेऊन उभा आहे.

६ डिसेंबर १९७६ रोजीं नाना वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणें वाळव्यास त्यांच्यावर अग्निसंस्कार झाला. त्यानंतर तीन-चार महिन्यांतच लोकसभेची निवडणूक आली, आणि बीडच्या मतदारांनीं पुन्हां डावीकडचाच माणूस निवडला. ह्या वेळीं मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे दिल्लीस गेले.