अ‍ॅडियाबॅटिक शीतन

अ‍ॅडियाबॅटिक शीतन : बाहेरून उष्णता न घेता व बाहेर न देता, केवळ पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड करण्याची प्रक्रिया. कारखान्यातील साचे, प्रवर्तन भट्ट्या, कॉम्प्रेसर इत्यादींमधून फिरून तापलेले पाणी पुन्हा वापरण्याजोगे करण्यासाठी तिचा उपयोग होतो. (वर चढणारी हवा प्रसरणाने थंड होते, त्या क्रियेलाही हेच विशेषण लावतात, तिचा विचार येथे केलेला नाही.)

पाण्याची वाफ होताना तापमान न वाढता जी उष्णता खर्ची पडते, तिला अप्रकट उष्णता म्हणतात, ३०° से.ला ती दर किलोग्रॅमला सुमारे २,४३० किलोजूल असते. ही उष्णता हवाच पुरवते, त्यामुळे हवेचे तापमान उतरते आणि तिच्यातील बाष्प वाढते, परंतु तिची एकूण उष्णता जवळजवळ तेवढीच राहते. एक किलोग्रॅम हवेत एक ग्रॅम पाण्याची वाफ मिसळली, की ती सुमारे २.४° से.ने थंड होते. हवा बाष्पाने संपृक्त झाली, की ही घट थांबते. ती मर्यादा फुग्याला ओले कापड गुंडाळलेला तापमापक दाखवतो, म्हणून तिला ओल्या फुग्याचे तापमान म्हणतात. उन्हाळ्यात विदर्भात हवा ४०° से. आणि सापेक्ष आर्द्रता २०% असेल, तर ही मर्यादा सुमारे २३° से. येते व पाण्याने भिजवलेल्या चांगल्या पॅडमधून हवा २६° ते २७° से.पर्यंत उतरू शकते. तेथील घरोघरचे कूलर याच तत्त्वावर चालतात.

औद्योगिक संचात यंत्राचे पाणी बंद नळ्यांतूनच फिरते. पंखे बाहेरची हवा आधी ओल्या पॅडमधून किंवा बारीक तुषारांमधून ओढतात आणि अशी थंड झालेली हवा, पातळ धातुपट्ट्या बसवलेल्या नळ्यांवरून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. हवा ठरावीक तापमानापेक्षा थंड असेल, तर नियंत्रक पॅडचे पाणी बंद ठेवतो आणि संच कोरडाच चालतो.

खरा लाभ येथेच आहे. उघड्या कूलिंग टॉवरमध्ये यंत्राचेच पाणी हवेत उडते. एक मेगावॉट उष्णता काढताना तासाला सुमारे दीड हजार लिटर पाण्याची वाफ होते, मागे क्षार साचतात, ते घालवण्यासाठी टाकीतले पाणी वारंवार सोडून द्यावे लागते आणि शेवाळ व लिजिओनेला जीवाणू यांना आवर घालण्यासाठी रसायने लागतात. अ‍ॅडियाबॅटिक संचात पाणी केवळ कडक उन्हाच्या तासांत खर्च होते, यंत्राच्या पाण्यात धूळ जात नाही आणि साच्यांच्या वाहिन्यांत क्षारांचा थर धरत नाही. दुष्काळी भागातील कारखान्यांनी याचा विचार अवश्य करावा. मात्र कठीण (दुष्फेन) पाणी दिल्यास पॅड क्षारांनी लवकर चोंदतात, आणि यंत्राचे पाणी टॉवरइतके थंड होत नाही.

किनारपट्टीवर परिस्थिती वेगळी असते. कोकण व गोव्यात पावसाळ्यात हवा ३०° से. आणि आर्द्रता ८५% असता पॅडमधून जेमतेम दोन अंशांची घट मिळते. १०° ते १५° से. पाणी लागणाऱ्या प्लॅस्टिकच्या साच्यांसाठी तेथे बारमाही चिलरच (प्रशीतन यंत्रच) बसवावा लागतो.