हौदातलं जिवंत पाणी

तळोज्याच्या जुन्या वस्तीत अजून काही घरांना परसदार आहे. तिथं कुणी छोटंसं तळं करायचं म्हटलं, की ऐकणारा लगेच म्हणतो, "डास होतील हो!" भीती खोटी नाही. पण तिच्यापायी आपण काय काय बुजवलं, तेही पाहायला हवं.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद १८०२ साली पुरी झाली. त्या जागी मुळात बाग होती आणि बागेत उघडं तळं. मालक गोवा-कालिकतशी व्यापार करणारा एक कोकणी मुसलमान. १७७८च्या सुमारास त्यानं जागा दिली ती एकाच अटीवर: तळं कायम राखायचं. मग बांधणाऱ्यांनी तळ्यातूनच काळ्या दगडाच्या सोळा कमानी उठवल्या आणि मशीद त्यांच्यावर पेलली. तळाशी झरे आहेत. दहा फूट पाणी, त्यात सोनेरी-रुपेरी मासे आणि कासवं, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात सापडते. वजूला वाकणाऱ्या माणसाच्या हाताखालून मासा जातो, हे मला त्या इमारतीचं सगळ्यात मोठं वैभव वाटतं.

हौद हा शब्दच अरबीतून आला आणि मराठीत असा मुरला, की पुण्यात फडके हौद म्हणताना कुणाला तो परका वाटत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, पाणचक्कीत दूरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणलं. त्यानं दळणाचं जातं फिरे, हौद भरे आणि हौदाखालचं तळघर उन्हाळ्यात गार राही.

मग १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत मलेरिया आणि डास यांचं नातं दाखवलं. १९११ साली डॉ. बेंटली यांच्या अहवालानं मुंबईतल्या विहिरींकडे बोट दाखवलं. विहिरी झाका किंवा बुजवा, असा धोशा सुरू झाला. धर्माचं कारण सांगून लोकांनी विरोधही केला. माणसं तापानं मरत होती, तेव्हा अहवालाला दोष देणार नाही. नळाचं पाणी आलं, जागेचा भाव वाढला, त्यानंही बरीच तळी गेली. धोबी तलाव, गोवालिया टँक आता नावापुरतेच. मात्र पाणी म्हणजे डास हे समीकरण मनात बसलं ते बसलंच.

खरं तर डासाला हवं असतं माशाविना साचलेलं पाणी. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, तेवढ्यात मासा अळी गिळून मोकळा होतो. मुंबईत विहिरींत गप्पी मासे सोडतात ते याचसाठी.

म्हणून नवख्यानं सुरुवात करावी ती अशी. पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा पाहा, अगदी झाडाखाली नको, पानं कुजतात. लांबी-रुंदी जमेल तेवढी, खोली दोन फूट पुरे. घरात लहान मूल असेल तर मजबूत जाळी आधी, पाणी नंतर. काठ जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा, नाहीतर आपल्याकडच्या पावसात अंगणातला गाळ आत येतो. जादा पाण्याला वाट ठेवा आणि तिच्या तोंडाला बारीक जाळी लावा. सिमेंटचं तळं असेल तर दोन-तीनदा भरून रिकामं करा. नव्या सिमेंटचा चुना माशांना मारतो. कमळ किंवा कुमुदिनी चिकणमातीच्या कुंडीत लावून बुडवा. अर्धं पाणी पानांनी झाकलं की शेवाळ आवरतं. मासे अगदी थोडे सोडा. ते आणण्याआधी पाणी आठवडाभर उघडं पडू देऊ नका.

गप्पी सहज मिळतो, पण तो दक्षिण अमेरिकेकडचा. पुरात ओढ्याला गेला तर इथल्या माशांच्या वाट्याचं खातो. त्यापेक्षा आपल्या भातखाचरांत डोक्यावर चंदेरी ठिपका असलेला बोटाएवढा मासा वरच्या पाण्यात हिंडतो, तो मिळाला तर पाहा. अळ्यांवर तोही तुटून पडतो.