नाव आणि ठिकाण : शँटरेल अळंबीच्या शोधाविषयी

शँटरेल या पिवळ्या रानअळंबीचा इतिहास ग्रंथांतून शोधू गेल्यास तो स्वीडनमधील नामकरणापासून सुरू होतो. लिनिअसने १७५३ मध्ये तिला 'अगॅरिकस' या अवाढव्य प्रजातीत बसवले. १८२१ मध्ये त्याचाच देशबांधव एलियास फ्रीस याने तिला 'कँथरेलस सिबारियस' म्हटले. कँथरेलसचे मूळ ग्रीक भाषेतील पानपात्रात आहे, तर सिबारियस म्हणजे खाण्याजोगी. पेल्यासारखा आकार, पात्यांऐवजी देठावर उतरत गेलेल्या बोथट घड्या, जर्दाळूची आठवण करून देणारा वास : वर्णन नेमके आहे. परंतु ते पाठ करून रानात शिरणाऱ्यास अळंबी ओळखता येईल. सापडेलच असे नाही.

शोधणाऱ्यांचे वाचन निराळे असते. ते आधी झाडे पाहतात : स्प्रूस, पाइन, बर्च, ओक, बीच. मग उतार पाहतात, कारण पाणी साचणारी जागा नको आणि कोरडी पडणारीही नको. शेवाळाची गादी, आंबट, निकस माती, जुन्या पायवाटेची कड, जुलैनंतरचा पाऊस, या खुणा एकमेकींच्या संगतीत वाचायच्या असतात. एकटी कोणतीच खूण पुरेशी नसते. आणि एकदा ठिकाण लागले की अळंबी तेथे वर्षानुवर्षे उगवत राहते. म्हणूनच स्वीडिश माणूस भरलेली टोपली कौतुकाने दाखवतो, ठिकाण मात्र सांगत नाही!

झाडांकडे पाहण्याच्या या सवयीला कारण मिळाले ते १८८५ मध्ये. ट्रफल अळंबीची लागवड शक्य आहे काय, हे तपासण्याचे काम प्रशियाच्या शासनाने आल्बर्ट फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे सोपवले होते. झाडांच्या मुळांची टोके बुरशीच्या आवरणात गुंडाळलेली त्याला आढळली. या सहजीवनाला त्याने 'मायकोरायझा', म्हणजे बुरशीमूळ, असे नाव दिले. बुरशी झाडाला पाणी व क्षार पुरवते, झाड बुरशीला शर्करा देते. शोधणाऱ्यांना हे शास्त्र आधीच ठाऊक होते, असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. त्यांना 'कोठे' ठाऊक होते, 'का' नव्हे. मात्र फ्रीसच्या नावात ज्या झाडाला जागा नव्हती, ते त्यांच्या वाचनात पहिल्यापासून होते. पुढे १९९७ मध्ये एरिक डॅनेल व फ्रान्सिस्को कामाचो यांनी काचगृहात शँटरेल उगवून दाखवली, तीही पाइनच्या रोपाच्या सोबतीनेच. बाजारात येणारी शँटरेल आजही मुख्यतः रानातूनच येते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वीडनमध्ये जंगलाचा अखंड पट्टा एकाच वेळी तोडण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. झाडे गेली की शर्करेचा पुरवठा थांबतो आणि ते ठिकाण संपते. दुसऱ्याच्या मालकीच्या रानातही अळंबी वेचण्याचा सार्वजनिक हक्क तेथे परंपरेने आहे, १९९४ पासून त्याचा उल्लेख राज्यघटनेतही आहे. त्या हक्कात झाडे राखण्याचा अधिकार येत नाही. कोणता पट्टा केव्हा तोडायचा हे वनकायद्याच्या चौकटीत मालकच ठरवतो, आणि तेथील ठिकाण ठाऊक असलेल्यांना कोणी विचारीत नाही.